खिडकी नंबर १२ : जर्मनीतल्या गावातला आडवेंट आणि आपण

अंगणवेल | २३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय, आणि तुमचे अनुभवही ऐकायचेत.

आम्ही श्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याशी एका लहान गावात राहतो. हा चौथा हिवाळा. आधीचे तीन हिवाळे आम्ही नाताळ बघितला, आणि 'बघितला' हाच शब्द बरोबर आहे. नोव्हेंबर सरता सरता बाजार लागले की एका शनिवारी एस्लिंगन, पुढच्या शनिवारी श्टुटगार्ट. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, साखरेत परतलेल्या बदामांचा वास, हातात ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन. फोटो काढायचे, घरच्या ग्रुपवर टाकायचे, कप परत देऊन अनामत घ्यायची आणि गाडी पकडायची. त्यापुढे काय असतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या वर्षी २४ डिसेंबरला दुपारी उशिरा दूध आणायला निघालो तर सगळं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक खिडकीत उजेड, एका घरातून भांड्यांचे आवाज, दुसऱ्यातून पियानो. लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिने विचारलं, "आई, सगळे कुठे गेले?" मला उत्तर देता आलं नाही. सगळे घरात होते, सणात होते, आणि आम्ही तिघं बाहेर होतो.

आता मुद्दा. आडवेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि मधले दिवस. आमच्या गावात 'जिवंत आडवेंट कॅलेंडर' असतं. कागदी कॅलेंडरला २४ छोटी दारं असतात, रोज एक उघडायचं. इथे दारांच्या जागी गावातली २४ घरं. १ डिसेंबरपासून रोज संध्याकाळी सहाला एका घराची सजवलेली खिडकी उजळते. लोक स्वतःचा कप घेऊन त्या घरासमोर जमतात. एखादं गाणं, एखादी गोष्ट, पंच नावाचं गरम मसालेदार पेय, वीसेक मिनिटं, की आपापल्या घरी. एकदा उजळलेली खिडकी मग ६ जानेवारीपर्यंत रोज लावायची, म्हणजे २४ तारखेला गावात चोवीस खिडक्या एकदम पेटलेल्या असतात. गेल्या वर्षी मी दोन वेळा लांब उभी राहून बघितलं. पुढे जायचा धीर झाला नाही.

यंदा शेजारच्या ओमा, म्हणजे आजी, यादीचा कागद घेऊन दारात आल्या. वय ८० च्या पुढे, पण जिन्याची साफसफाई अजून स्वतःच्या पाळीच्या आठवड्याला स्वतः करतात. म्हणाल्या, "१२ तारीख शुक्रवार आहे. तू शुक्रवारी लवकर येतेस." पेन माझ्या हातात दिलं. मी नाव लिहिलं.

तेव्हापासून झोप नाही. खिडकीत काय करू? बाहेर काय म्हणू? उपक्रम चर्चच्या मंडळींचा आहे. त्यात आपलं काही आणलेलं त्यांना चालेल का, आणि त्यांचं करणं आपल्याला शोभेल का?

आज टोटनझोनटाग, आडवेंटच्या आधीचा रविवार, गेलेल्या माणसांच्या आठवणीचा. ओमा कबरीवर दिवा लावून आल्या. हा दिवस सरल्याशिवाय सजावटीला हात लावायचा नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणजे उद्यापासून मला मोकळीक आहे. सांगा काहीतरी.

रानपाखरू | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५५

अंगणवेल, नाव लिहिलंस ते उत्तम केलंस. मी लाइपझिगला आहे, आमच्याकडचं सांगते.

झाक्सनमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, आडवेंटच्या पहिल्या रविवारी घराघरांत हेर्नहूट गावचा तारा लागतो. आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच. तयार मिळतो, पण खरी रीत सुटे भाग जोडण्याची. २५ टोकं, त्यातली १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी बुडाची. माझ्या पहिल्या वर्षी कागदी तारा आणला आणि रविवारी दुपारी जमिनीवर पसारा मांडून बसले. दोन तास झाले तरी गोल धरेना. वरच्या मजल्यावरचे आजोबा काही विचारायला आले होते, त्यांनी बूट काढले आणि सरळ माझ्यासमोर मांडी घातली. पितळी पिना एकेक करून दुमडत गेले. बोलणं फारसं नाही. शेवटचं टोक मात्र त्यांनी माझ्याकडून लावून घेतलं. जानेवारीत तारा परत सुटा करून खोक्यात ठेवायचा. दर वर्षी नव्याने जोडायचा. यंदा आमचं सातवं वर्ष, आणि आजोबा ठरल्यासारखे तीन वाजता येतात.

या ताऱ्याची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकली. हेर्नहूटच्या पंथाचे लोक धर्मप्रचाराला दूरदूरच्या देशांत जायचे आणि मुलं इकडे निवासी शाळेत राहायची. एकोणिसाव्या शतकात त्या शाळांत भूमिती शिकवताना मुलांकडून असे तारे करून घ्यायचे, आणि आडवेंट लागला की ते टांगायचे. आईबापांपासून हजारो मैल लांब असलेल्या मुलांनी केलेली वस्तू आहे ती. मला ते कळल्यापासून तारा लावताना आई हटकून आठवते.

आणि खिडक्यांचं म्हणशील तर एर्त्सगेबिर्गे बघून ये. खाणींचा डोंगराळ मुलूख. हिवाळ्यात खाणकामगार उजाडायच्या आत खाली उतरायचे आणि अंधार पडल्यावर वर यायचे, दिवसच्या दिवस सूर्य नाही. म्हणून तिथे उजेडाचं एवढं अप्रूप. प्रत्येक खिडकीत लाकडी कमान, कमानीवर दिवे, ते श्विबबोगन. घरात मुलगा असेल तर खिडकीत हातात दिवा घेतलेला खाणकामगार, मुलगी असेल तर देवदूत. पूर्वी रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकी बघून कळायचं की या घरात किती लेकरं आहेत.

तुझ्या खिडकीतूनही तुझं घर कळू दे, एवढंच म्हणेन.

सह्यकडा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

अनुभव वाचायला छान आहेत, पण एक मनापासून विचारतो. मार्गशीर्ष लागलाय. येत्या गुरुवारी किती घरांत घट मांडला जाणार आहे? माझी मुलं इथली शाळा, इथली भाषा, इथली गाणी सगळं आपोआप उचलतात. त्यासाठी मला काही करावं लागत नाही. त्यांना संक्रांत म्हणजे काय हे सांगायला मात्र जिवाचं रान करावं लागतं. मग आपली शक्ती कुठे घालायची? मी फ्रांकफुर्टला आहे, बाजार मलाही आवडतो. पण घरात झाड उभं करायला मन तयार होत नाही. कुणाला दुखवायचं नाही, पण ही बाजूही धाग्यावर यावी.

इसारकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सह्यकडा, तुमची चिंता खरी आहे. मी म्युनिकला २२ वर्षं आहे आणि सुरुवातीची सहा वर्षं तुमच्याच जागी होतो.

सातव्या वर्षी माझ्या सौ.च्या सहकारी बाईंनी आम्हाला हायलिगआबेंडला, म्हणजे २४ च्या संध्याकाळी, घरी बोलावलं. इथे हे बोलावणं लहान नसतं. त्या संध्याकाळी माणसं घरच्यांखेरीज सहसा कुणाला बोलावत नाहीत. मोठं पंचपक्वान्न असेल असं वाटलं होतं. ताटात आलं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, आमच्यासाठी सॉसेजऐवजी तळलेलं चीज. खूप जर्मन घरांत त्या रात्री हेच असतं. घरच्या बाईचा दिवस चुलीपुढे जाऊ नये म्हणून सॅलड आदल्या दिवशीच करून ठेवतात. मोठं जेवण दुसऱ्या दिवशी.

जेवणाआधी चर्च. मीही विचार केला होता, आपण जावं का. शेवटच्या बाकावर बसलो. गावातली मुलं येशूजन्माचं नाटक करत होती. मेंढपाळ झालेला पोरगा वाक्य विसरला आणि अख्ख्या चर्चने त्याला हळूच आठवण करून दिली. शेवटी दिवे मालवले, झाडावरचे तेवढे राहिले, आणि सगळे उभे राहून गायले. मला कुणी धर्म विचारला नाही. शेजारच्या माणसाने गाण्याचं पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं, एवढंच.

नंतर एका वर्षी माझी आई आली होती. रोज देवपूजा करणारी, सोवळ्याची बाई. तिला मी विचारलं, येतेस का. गव्हाणीपुढे जाऊन तिने हात जोडले आणि म्हणाली, "बाळ आहे, बाळंतीण आहे, गाईगुरं आहेत. गोकुळाष्टमीला आपण आणखी काय करतो?" त्यानंतर मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही.

आणि शक्तीचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. त्या घरात गेलो नसतो तर त्यांना आमच्या घरी गणपतीला बोलावलं असतं का, शंका आहे. आता त्या बाई दर वर्षी मोदकांच्या पाऱ्या करायला येतात.

अंगणवेल, एक सांगतो. नाताळ ते ६ जानेवारी या रात्रींना इकडे राउनेख्टं म्हणतात. या दिवसांत आमच्या घरमालकीण बाई दोरीवर कपडे वाळत घालू देत नाहीत. जुनी समजूत अशी की रात्री हिंडणारी भुतं दोरीत अडकतात. तुझ्या ओमांकडेही असं काही असेल. विचार. विचारलं की म्हातारी माणसं खुलतात.

तिळफूल | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

हांबुर्गहून. इथे डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो, तेव्हा उजेडावर बोलायचा हक्क आमचा!

आडवेंटचं वर्तुळ, ते चार मेणबत्त्यांचं, आमच्याच शहरातलं. १८३९ साली योहान हिनरिख विशर्न नावाचे पाद्री इथे राउहेस हाउस हा गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक जास्त पेटवायची. मुलांना दिवस मोजता यायला लागले. आता घरोघरी फक्त चारच राहिल्यात.

यावरून सुचलं. तुझ्या खिडकीत दीपमाळ कर! देवळापुढची दगडी दीपमाळ. २४ दिव्यांच्या जागा. १२ तारखेला १२ पेटलेल्या, बाकीच्या काळ्या, आणि रोज एक उघडायची. काळ्या कार्डपेपरमधून आकार कापायचा, मागून पतंगाचा कागद लावायचा, त्याच्या मागे दिवा. आमच्या मुलीच्या किंडरगार्टनमध्ये खिडक्यांची चित्रं अशीच करतात, त्यामुळे लोकांना पद्धत ओळखीची वाटेल आणि चित्र आपलं असेल.

अंगणवेल | २५ नोव्हेंबर, दुपारी २:०५

तिळफूल, अंगावर काटा आला. ठरलं. दीपमाळच.

नवखा_कोलोन | १ डिसेंबर, रात्री ११:२०

मी सप्टेंबरात मास्टर्सला आलोय. वाचून बरं वाटतंय आणि पोटात गोळाही येतोय. वसतिगृहातली निम्मी मुलं २० तारखेला घरी जाणार. २४ ला मी काय करायचं? कुणी बोलावलेलं नाही आणि बोलावतील असं वाटत नाही.

रानपाखरू | १ डिसेंबर, रात्री ११:४८

आधी कामाचं. २४ ला बुधवार आहे, दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत. २५ आणि २६ सुट्टी. शनिवारी २७ ला उघडतील आणि रविवारी परत बंद. किराणा, औषधं, फोनचं रिचार्ज सगळं २३ ला उरकून घे.

आता मनाचं. बऱ्याच शहरांत चर्च आणि सामाजिक संस्था २४ ला एकट्या माणसांसाठी जेवण ठेवतात. तिथे जेवायला जाऊ नकोस, वाढायला जा. आत्ताच फोन करून विचार, त्यांना हात हवे असतात. मी दुसऱ्या वर्षी तेच केलं. खुर्च्या मांडल्या, सूप वाढलं, रात्री भांडी विसळली. एकटं वाटायला वेळच मिळाला नाही.

इसारकाठ | २ डिसेंबर, सकाळी ६:५०

नवखा, बाळा, रेल्वे चालू असते. आमच्याकडे यायचं असेल तर निरोप टाक. घरात जागा आहे.

सह्यकडा | २ डिसेंबर, सकाळी ९:००

फ्रांकफुर्ट कोलोनहून जवळ आहे. आमच्याकडे ये. झाड नाही, पण पुरणपोळी आहे.

अंगणवेल | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

आज दुसरा आडवेंट. काल निकोलाउस, म्हणजे संत निकोलसचा दिवस, झाला. परवा रात्री लेकीने बूट पॉलिश करून दाराबाहेर ठेवले होते. काल सकाळी त्यात मँडरीन, अक्रोड आणि चॉकलेट. आमच्याबरोबरच खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी गुपचूप भर घातलेली दिसली, कारण अक्रोड आम्ही ठेवलेच नव्हते.

पण सांगायचंय ते आजचं. ओमांनी सकाळी दहाला बोलावलं, प्लेट्सशेन करायला. आडवेंटमधल्या बिस्किटांना हे नाव. फराळाचं जे स्थान आपल्याकडे, ते यांचं इथे. सात-आठ प्रकार करायचे, डब्यांत थर लावायचे, मधे कागद घालायचा, आणि शेजारीपाजारी, सुना-नातवंडं, पोस्टमन, सगळ्यांना द्यायचे. कुणाची कशी झाली याची चर्चा अगदी चकलीसारखी.

मी आधीच सांगितलं होतं की मी अंडं खात नाही. ओमा क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तर मग किपफर्ल." व्हॅनिलकिपफर्ल म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटं. मैदा, लोणी, साखर, बदामाची पूड. त्यांच्या पद्धतीत अंडं नाही. लोणी गार हवं, मळायचं कमी, गोळा थंडीत बाल्कनीत तासभर ठेवायचा. मग लांबट वळी करून दोन टोकं निमुळती करत वाकवायची. माझी पहिली दहा तुटली. ओमांनी माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "तुझे हात गरम आहेत. थंड पाण्याखाली धर." हात गार झाल्यावर एकही तुटलं नाही. आजी करंज्यांच्या वेळी मला तळहात कोरडा ठेव म्हणून ओरडायची ते आठवलं.

भट्टीतून काढल्या काढल्या, गरम असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवायची. अशा वेळी हात लावला की मोडतात, आणि गार झाल्यावर साखर चिकटत नाही. मधली दोन मिनिटं तेवढी आपली. तोंडात टाकलं आणि मला नानकटाई आठवली. तीच विरघळण्याची तऱ्हा. ओमांना नानकटाईचं सांगितलं तर त्यांनी लगेच वही काढली, आईच्या हातची, पानांवर लोण्याचे डाग. त्यात कोऱ्या पानावर माझ्याकडून कृती लिहून घेतली. बेसन म्हणजे काय यावर अर्धा तास गेला.

निघताना पत्र्याचा डबा दिला, निळा, झाकणावर बर्फातलं गाव. किपफर्ल काठोकाठ.

राउनेख्टंचं विचारलं, इसारकाठ काका. कपडे वाळत घालायचे नाहीत, हे त्यांच्या आईचंही होतं म्हणाल्या. मग आईबद्दल एक तास बोलल्या.

केळफूल | ८ डिसेंबर, सकाळी १०:१५

अंडं न घालता जमणाऱ्यांत श्टोलन, म्हणजे नाताळचा गोड पावही धरा. मैदा, यीस्ट, दूध, लोणी, बेदाणे, साखरेतली संत्र्याची साल. पण विकतचा घेताना घटक वाचून घ्या. आडवेंट हा मुळात उपासाचा काळ होता, त्यामुळे एके काळी श्टोलनमध्ये लोणीसुद्धा चालायचं नाही, तेलात करायचे. झाक्सनच्या राजघराण्याने पोपकडे परवानगी मागितली आणि १४९१ मध्ये लोण्याला मुभा मिळाली. ड्रेस्डेनचा नाताळबाजार, श्ट्रीत्सलमार्क्ट, त्याहूनही जुना, १४३४ चा. त्या नावातला श्ट्रीत्सल म्हणजे श्टोलनच.

उपास, दिवे, एक-एक दिवस मोजणं. आपल्याला परकं काय आहे त्यात?

अंगणवेल | १३ डिसेंबर, सकाळी ११:००

झालं! सविस्तर लिहिते, तुमचाच कार्यक्रम होता तो.

दीपमाळ मी आणि लेकीने चार रात्री कापली. सव्वा मीटर उंच. तळाशी पायऱ्या, वर निमुळती, दोन्ही बाजूंना हातांसारखे दगडी टेकू, प्रत्येक टेकूवर एक दिवा. ज्योती पिवळ्या-नारिंगी पतंगाच्या कागदाच्या. पेटायच्या बाकी होत्या त्या १२ जागांवर काळ्या कागदाचे छोटे तुकडे. आकडा १२ सगळ्यात वर.

काल दुपारी साडेचारला सगळं कोसळलं. आत हीटर, बाहेर शून्याच्या आसपास, काचेवर आतून पाणी सुटलेलं, चिकटपट्टी धरेना. एक बाजू पडली, ती सावरेपर्यंत दुसरी. लेक रडायला लागली. नवरा ऑफिसातून यायचा होता. मी दोन मिनिटं नुसती खाली बसले. मग आईची खळ आठवली. गणपतीच्या मखराला पताका ती खळीनेच चिकटवायची. कणीक गार पाण्यात कालवली, मंद आचेवर ढवळत शिजवली, काच टॉवेलने कोरडी केली आणि बोटांनी खळ फासली. कागद काचेला असा बसला की सुरकुतीही नाही. सहाला पाच कमी असताना दिवा लावला.

बाहेर मला दहा-बारा माणसं अपेक्षित होती. चाळीसच्या वर होती. बारीक पाऊस, छत्र्या, प्रत्येकाच्या हातात घरचा कप. मी सफरचंदाचा रस सुंठ, लवंग, दालचिनी आणि वेलची घालून उकळला होता, दोन मोठी पातेली. बोलायला उभी राहिले तर जर्मन घशातच अडकलं. ओमा पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी मान हलवली, तशी सुरुवात झाली. सांगितलं की आमच्याकडे देवळासमोर असा दगडी खांब असतो, सणाच्या रात्री त्यावर दिवे लावतात, आणि लांबून येणाऱ्याला तो दिसला की गाव जवळ आलं असं कळतं. मग लेकीने दिव्याला हात जोडून आपण संध्याकाळी म्हणतो तो श्लोक म्हटला आणि अर्थ सांगितला. घरात बरं होऊ दे, आरोग्य येऊ दे, मनातलं वैर जाऊ दे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शांतता होती. मग मागून एका आजोबांनी त्यांचं आडवेंटचं गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं. शब्द मला येत नव्हते. चाल येत होती, तेवढी गुणगुणले.

पंच सात मिनिटांत संपला. सुंठीचं काय ते सगळ्यांनी विचारलं. चर्चच्या पाद्रीबाई होत्या. त्यांना मी आधी विचारलं होतं, आमचा श्लोक चालेल ना. काल जाताना म्हणाल्या, पुढच्या वर्षीही बारा नंबर तुमचाच धरते.

आज सकाळी आठ वाजता दार वाजलं. दोन गल्ल्या पलीकडची मुलगी, आठ-नऊ वर्षांची. तेरावा दिवा कधी उघडणार, असं विचारत होती. आता रोज संध्याकाळी साडेपाचला येऊन एक काळा तुकडा तीच काढणार असं ठरलंय.

तिळफूल | १३ डिसेंबर, सकाळी ११:२०

डोळ्यांत पाणी आलं. खळ!

सह्यकडा | १३ डिसेंबर, दुपारी १२:४०

अभिनंदन. मनापासून. माझं मत बदललं असं नाही म्हणणार, झाडाबद्दल अजून तेच वाटतं. पण तुमच्या लेकीने चाळीस लोकांसमोर दिव्याला हात जोडले, ते वाचून मी दोन वेळा थांबलो. माझ्या मुलांना तेवढी संधी मी दिलेली नाही. नवखा २३ ला आमच्याकडे येतोय.

केळफूल | १५ डिसेंबर, रात्री ९:००

काल तिसरा आडवेंट. बेथलेहेमची ज्योत आली. ही प्रथा ऑस्ट्रियाच्या रेडिओने १९८६ मध्ये सुरू केली. येशूच्या जन्मस्थानी पेटवलेली ज्योत आणतात आणि स्काउटची मुलं ती गावोगाव पोचवतात. चर्चमध्ये जाऊन आपल्या कंदिलातली वात त्यावर लावून घ्यायची आणि विझू न देता घरी न्यायची. मी यंदा पहिल्यांदा गेले. ट्रॅममध्ये कंदील मांडीवर धरून बसले होते. समोरच्या बाईंच्या हातातही कंदील. वाऱ्याच्या थांब्यावर दोघींनी एकाच वेळी पदर, म्हणजे कोटाची कड, पुढे धरली. नवरात्रात तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येणारी आमच्या गावची पोरं आठवली. वाटेत विझली तर काय, ही धास्ती अगदी तीच.

देवघरातली समई त्याच ज्योतीने लावलीय.

नवखा_कोलोन | २६ डिसेंबर, दुपारी ४:३०

सह्यकडा काका-काकूंचे आभार. २४ ला दुपारी त्यांच्या शेजारचे एक जर्मन आजोबाही जेवायला होते, तेही एकटेच असतात. काकांनीच बोलावलं होतं. पुरणपोळी त्यांनी काट्या-सुरीने खाल्ली आणि तिसरी मागितली. जाताना काकांच्या धाकट्या मुलाला त्यांनी स्वतःच्या लहानपणचा लाकडी खाणकामगार दिला. तो आता काकांच्या खिडकीत आहे.

अंगणवेल | ७ जानेवारी २०२६, रात्री ८:१५

चोवीसही दिवे २४ ला पेटले. संध्याकाळी आम्ही तिघं गावातून फिरून आलो. रस्ता पहिल्या वर्षीसारखाच रिकामा होता. लेकीने एकही प्रश्न विचारला नाही, फक्त खिडक्या मोजत चालली, आणि कुठल्या घरात कोण राहतं ते आम्हाला सांगत होती.

काल ६ तारीख, तीन राजांचा दिवस, इथे सुट्टी. श्टर्नझिंगर आले. राजांचे पोशाख घातलेली मुलं तारा घेऊन घरोघर जातात, गातात, जगभरातल्या गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि दारावर खडूने आशीर्वाद लिहितात. आधीची तीन वर्षं ती आमच्या दारावरून पुढे जायची, आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. काल बेल वाजली. मधल्या राजाचा मुकुट डोळ्यांवर घसरत होता. तीच, आमची दिवे उघडणारी. उंची पुरेना म्हणून आमच्या पाटावर चढली आणि चौकटीवर लिहिलं, २०*सी+एम+बी+२६. लॅटिनमध्ये अर्थ, ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. वर्षभर पुसायचं नाही. खाली आमचं आंब्याच्या पानांचं कापडी तोरण आहेच.

आज खिडकी उतरवली. खळ गरम पाण्याने सुटली. १२ चा आकडा त्या मुलीला हवा होता, दिला.

आता तीळ भाजायला घेतलेत. ओमांचा निळा डबा अजून माझ्याकडेच आहे, आणि तो रिकामा कसा परत करायचा?